जुन्या साड्यांची गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाट आवरायला काढलं की जुन्या सुती साड्यांचा ढीग निघतो. बोहारणीला द्यायला मन होत नाही आणि ठेवायला जागा नसते. मग गोधडीचा विचार येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांचा पाया तीच आहे: गोधडी वापरून मऊ झालेल्या सुती कापडाची असते. ती शिवायला नवं कापड विकत आणू नका. पैसे वाचतात हे खरंच, पण शंभर वेळा धुतलेलं पातळ अंगाला जसं लागतं तसं दुकानातलं कोरं कापड लागत नाही.

१. गोधडी, वाकळ, दुलई, रजई यांत फरक काय?

गोधडीत कापूस नसतो. कापडाचे चार-पाच थर एकावर एक ठेवायचे आणि सगळीकडून धावदोऱ्याने, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या साध्या टाक्यांनी, शिवायचे, की गोधडी झाली. रजई आणि दुलईत खोळीच्या आत पिंजलेला कापूस भरतात, त्याला पिंजारी लागतो. गोधडीला घरातलं कापड, सुई, दोरा आणि बसायला जागा एवढंच पुरतं. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात, बेळगाव-धारवाडकडे कौदी. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी याच कुळातली. गोधडी अंथरताही येते आणि पांघरताही, म्हणून तिची धाटणी साधी आणि दणकट असते.

२. मी आजवर शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नाही. थेट गोधडीला हात घालू का?

आधी बस्कर, म्हणजे बसायचं छोटं आसन, शिवा. १८ इंच चौरस, जुन्या चादरीचे किंवा परकराचे चार थर, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर ओळी. दोन-तीन संध्याकाळी बसलात तर पुरं होतं आणि गोधडीला लागणारं सगळं हाताला कळतं. तीन गोष्टी बघा. उलट बाजूला टाके दिसतात का? दिसत नसतील तर सुई खालच्या थरापर्यंत जात नाही. दोरा ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात का? पडत असतील तर हात सैल सोडा. टाके वर-खाली सारख्या लांबीचे येतात का? ही गोष्ट सरावानेच जमते, तिची काळजी करू नका. दुसरं बस्कर पहिल्यापेक्षा चांगलं होतं. त्यानंतर बाळाचं दुपटं आणि मग एका माणसाची गोधडी, असं चढत जा.

३. कोणते कपडे चालतात आणि कोणते अजिबात नाही?

सुती साडी, लुगडं, धोतर, लुंगी, परकर, मलमलची ओढणी, उशीचे अभ्रे, जुन्या चादरी, सुती शर्ट आणि फ्रॉक हे सगळं चालतं. कापड उजेडासमोर धरा. जाळीसारखं दिसलं पण ताणून फाटलं नाही, तर ते आतल्या थराला छान. चिमटीत धरून हलकं ताणल्यावर टरकन गेलं, तर आतही घालू नका. ते आत फाटून गोळा होतं आणि मग पाठीला टोचत राहतं.

साडी मधोमध विरते, काठ आणि पदर टिकतात. पूर्वी असं पातळ मधून फाडून, विरलेला भाग काढून, दोन चांगली टोकं जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं पातळ आणखी वर्ष-दोन वर्षं नेसलं जायचं आणि मग गोधडीत जायचं. आपण आज एकदम गोधडीवर येतो, पण कापड निवडताना नजर तीच ठेवायची: चांगला भाग वर, विरलेला आत, फाटका बाजूला.

खळ घातलेली साडी दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढा. खळीने सुई अडते आणि पुढे कसरही लागते. जीन्स आणि जाड पडद्याचं कापड नको, चार थरांत हात दुखून येतो. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं, ते फक्त आत आणि तेही कमीच. लोकरीचा स्वेटर आत भरू नका. धुतल्यावर तो आवळतो आणि वरचं कापड सुरकुततं. जे कोरं सुती कापड घरात पडूनच आहे ते आधी भिजवून, वाळवून घ्या, म्हणजे आवळायचं ते आधीच आवळेल.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टरचा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. असल्या कापडाचं काय करायचं ते प्रश्न १९ मध्ये आहे, रेशमाचं प्रश्न १६ मध्ये.

४. एका गोधडीला किती साड्या लागतात?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हिशेब एकदा समजून घेतला की कुठल्याही मापाला लावता येतो.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. एका माणसाची गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब धरू, म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट. आता साडीचे ६० इंचांचे तुकडे करा. असे दोन तुकडे ६० इंचांच्या काठाला काठ लावून जोडले की ४५ आणि ४५ मिळून ९० इंच लांबी होते आणि ६० इंच रुंदी आपोआप मिळते. म्हणजे दोन तुकड्यांत एक थर.

एका सहावारीतून असे तीन तुकडे निघतात. तीन साड्यांतून नऊ. चार थरांना आठ लागले. उरलेल्या नवव्या तुकड्यातून कडेचा गोट निघतो आणि आत कुठे कमी पडलं तर भरायला कापडही राहतं. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर असते, तिच्यातून पाच तुकडे निघतात. दोन लुगड्यांत दहा तुकडे होतात, म्हणजे पाच थरांची गोधडी.

दोघांची गोधडी ९० बाय ९० इंचांची करायची तर साडीचे ९० इंचांचे दोन तुकडे करून शेजारी शेजारी जोडा. एका साडीत एक थर होतो, वर यार्डभर कापड उरतं. चार थरांना चार साड्या.

थर किती असावेत हे हवेवर ठरवा. कोकणात आणि मुंबईत तीनही पुरतात, पुणे-नाशिकला चार, महाबळेश्वरला किंवा विदर्भातल्या थंडीला पाच. सहाच्या पुढे हाताने शिवणं अवघड होतं. तेव्हा दोन पातळ गोधड्या केलेल्या बऱ्या. उन्हाळ्यात एक, थंडीत दोन्ही.

५. सुई आणि दोरा कोणता घ्यावा? दोरा किती लागेल?

दाभण नको, ते पोती शिवायला. गोधडीची लांब, मध्यम जाडीची सुई शिवणसाहित्याच्या दुकानात मागा. दोऱ्याचं भोक मोठं असलेली घेतलीत तर घरातल्या मोठ्यांना ओवायला सोपं जातं. दोरा जाड आणि सुती हवा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण विरलेल्या कापडात तो कापडालाच कापतो.

दोऱ्याचा हिशेब असा: गोधडीची लांबी गुणिले रुंदी, भागिले ओळींमधलं अंतर. ६० बाय ९० च्या गोधडीत एक इंचावर ओळी घेतल्या तर शिवण ५,४०० इंच, म्हणजे सुमारे १३७ मीटर. वर-खाली जाणं आणि गाठी धरून १७० मीटर दोरा हाताशी ठेवा. अर्ध्या इंचावर ओळी हव्या असतील तर दुप्पट. एकाच दुकानातून सगळा दोरा एकदम घ्या, नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नका, गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की तो गुळगुळीत होतो आणि पीळ पडत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घाला. पहिल्या दिवशी अडचण वाटते, चौथ्या दिवशी त्याशिवाय बसवत नाही.

६. शिवून झाल्यावर मध्ये झोळ येतो. थर मांडताना काय चुकतं?

बहुतेक वेळा कच्चे टाके, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके, घातलेले नसतात. शिवण कितीही सुंदर असली तरी मांडणी सैल असेल तर झोळ येणारच. म्हणून या कामाला एक पूर्ण दुपार द्या.

जमीन झाडून, पुसून, कोरडी करा. खालचं कापड उलटं, म्हणजे चांगली बाजू जमिनीकडे करून पसरा. चार कोपऱ्यांवर डबे किंवा पाट ठेवून ते ताठ बसवा. ओढून ताणू नका, फक्त सुरकुती काढा. त्यावर आतले थर. हे चारही बाजूंनी इंचभर लहान असू द्या. आतल्या थरांत तुकडे जोडताना शिवण घालायची गरज नाही. दोन बोटं एकावर एक चढवून ठेवा, धावदोरा त्यांना धरतो. मात्र प्रत्येक थरातला जोड वेगळ्या जागी येऊ द्या. सगळे जोड मधोमध आले तर तिथे वळकटी होते आणि झोपताना कमरेखाली नेमकी तीच येते. शेवटी वरचं कापड, चांगली बाजू वर.

आता तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखं फिरवत हवा बाहेर काढा. मग कच्चे टाके, तेही मधून सुरू करून कडेकडे, वीतभर अंतरावर, आधी उभे मग आडवे. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, काढताना दिसतो. शेवटी वरच्या आणि खालच्या कापडाची कड आत दुमडून आतले थर कवेत घ्या आणि कड टाचून टाका. एवढं झालं की गोधडी उचला, घडी करा, गावाला न्या, गाडीत बसून शिवा, थर हलत नाहीत.

७. धावदोरा कुठून सुरू करायचा? ओळी किती जवळ?

आपल्याकडची जुनी पद्धत कडेपासून सुरू करून, चौकोनात फिरत फिरत मध्याकडे येण्याची. कडा आधी पक्क्या होतात आणि शिवणारी जागेवर बसून गोधडीच फिरवत राहते. प्रश्न ६ मधले कच्चे टाके नीट असतील तर मध्ये झोळ जमत नाही. तरी फुगवटा दिसू लागलाच तर त्या भागातले कच्चे टाके उसवा, कापड सारखं करा, पुन्हा टाचा. तसंच पुढे रेटू नका.

गाठ वर ठेवू नका. दोन थरांच्या मध्ये सुई घालून गाठ आत ओढून घ्या. दोरा संपला की त्याच जागी दोन-तीन उलटे टाके घालून टोक आत सोडा. रोजच्या वापराला इंचभर अंतर पुरतं. अर्ध्या इंचावर शिवलेली गोधडी जास्त वर्षं टिकते, पण थोडी ताठ होते. सुईत चार-पाच टाके भरून एकदम ओढायची लय सापडली की काम पळतं.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या पट्ट्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंद, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, तेही असंच कोपऱ्यातून सुरू होऊन आत वळतं. रंगीत तुकडे त्या शिवता शिवताच वर बसवत जातात आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी फुलांचा साज देतात. वरचं कापड आधी जुळवून घ्यायला वेळ नसेल तर ही रीत आपल्यालाही चालते.

८. एक गोधडी पूर्ण व्हायला किती दिवस लागतात?

हात बसलेला नसेल तर तासाला तीन मीटर शिवण धरा. प्रश्न ५ मधले १३७ मीटर म्हणजे सुमारे ४५ तास. रोज तासभर बसलात तर दीड महिना. दोघी समोरासमोर बसल्या तर तीन आठवडे. बारशाला किंवा लग्नाला द्यायची असेल तर हा हिशेब आधी करा आणि वर आठवडाभर राखीव ठेवा.

९. मशीनवर शिवली तर ती गोधडी म्हणायची का?

म्हणायची. ज्यांना सांधेदुखी आहे किंवा वेळ नाही त्यांनी जरूर मशीनवर शिवावी. १६ नंबरची सुई लावा, टाका सर्वांत लांब ठेवा, आणि चारपेक्षा जास्त थर घेऊ नका. मशीनवर वरचा थर पुढे सरकतो, म्हणून कच्चे टाके अर्ध्या वितीवर घाला आणि मधली ओळ आधी मारून तिथून दोन्ही कडांना जा. सगळ्या ओळी एकाच दिशेने मारू नका, एक खाली येताना, पुढची वर जाताना.

फरक पडतो तो स्पर्शात. हाताचा टाका सैल असतो, दोन टाक्यांमध्ये कापड थोडं फुगतं, त्यात हवा राहते आणि ऊब राहते. मशीनची गोधडी सपाट होते. मला विचाराल तर अंथरायची मशीनवर, पांघरायची हातावर.

१०. वरच्या बाजूला ठिगळांची नक्षी करायची आहे. सोपं काही?

एकाच मापाचे चौकोन. पुठ्ठ्याचा सहा इंचांचा चौकोन कापा, त्यावरून कापड कापा, पाव इंच शिवण धरून पट्ट्या जोडा, मग पट्टीला पट्टी. गडद आणि फिका आळीपाळीने ठेवलात की वेगळ्या नक्षीची गरज राहत नाही. शर्टाचा खिसा, फ्रॉकचं भरतकाम, परकराची लेस असं काही असेल तर तो तुकडा मध्यावर घ्या. पाठीला मात्र सलग साडीच ठेवा, अंगाला शिवणी लागत नाहीत.

११. येणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवायचं आहे. काय सांभाळू?

बाळंतविड्यात झबली-टोपडी विकत आणली तरी दुपटी घरची हवीत, असं माझं ठाम मत आहे. ३६ इंच चौरस, दोन किंवा तीन थर, सगळ्यांत मऊ मलमल किंवा धोतर. पांढरं किंवा फिकं कापड घ्या, शी-शूचा रंग लगेच दिसतो. बटण, टिकल्या, जर, लेस, लोंबता दोरा यातलं काहीही नको. गाठी आत. शिवून झाल्यावर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

दुपटं बाळाच्या खाली अंथरायला आणि हातात घेताना गुंडाळायला. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नका. ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ त्याला मनाई करतात. परदेशात मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आज्यांना हे तिथली नर्स सांगतेच, पण ते आपल्या घरीही तितकंच खरं. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीच नको. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. लाल साडीचा रंग जातो. गोधडी खराब होईल का?

होईल, म्हणून आधीच पारखा. कापडाचा कोपरा ओला करा आणि पांढऱ्या फडक्यात दाबून पंधरा मिनिटं ठेवा. फडक्यावर डाग आला तर ते कापड वेगळं धुवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढा. मीठ किंवा तुरटीच्या पाण्याने सुटणारा रंग पक्का होईल यावर विसंबू नका. पाच-सहा धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर त्या साडीला गोधडीत घेऊ नका, विशेषतः पांढऱ्या धोतराशेजारी तर नाहीच.

१३. धुवायची कशी? वॉशिंग मशीनमध्ये चालते का?

तीन साड्यांची गोधडी कोरडी दीड किलोच्या आसपास भरते, पण पाणी प्यायली की वजन दुप्पट-तिप्पट होतं. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये एकटी टाका, थंड पाणी, हलकं धुणं, कमी वेगाने पिळणं. वरून उघडणाऱ्या आणि मध्ये घुसळणारा खांब असलेल्या मशीनमध्ये टाके उसवतात, तिथे नको. दोघांची मोठी गोधडी घरच्या मशीनमध्ये कोंबू नका. टबात साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून पायाने तुडवा. मुलांना हे काम फार आवडतं.

पिळू नका. बाथरूमच्या कडेवर टाकून पाणी निथळू द्या, मग गच्चीच्या कठड्यावर किंवा दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, म्हणजे ओझं एका रेषेवर येत नाही. दोन्ही बाजूंना ऊन द्या. गावाकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात. ती वेळ अगदी बरोबर आहे: पावसाळ्याचा ओलसरपणा निघून जातो आणि थंडीच्या आधी गोधड्या तयार होतात. वर्षातून दोनदा धुणं पुरे, मधल्या काळात ऊन दाखवा.

१४. ठेवायची कशी? कसर लागते, पावसाळ्यात वास येतो.

हाताला कोरडी लागली तरी आत ओल राहते. दोन दिवसांचं ऊन दिल्याशिवाय घडी करू नका आणि घडी करण्याआधी ऊब निवू द्या. जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून मध्ये ठेवा, वर्षातून एकदा बदला. दर तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाला, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरत नाही. कोकणात पावसाळाभर कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. हवा काढून दाबायच्या पिशव्या प्रवासापुरत्या ठीक, वर्षभरासाठी नाही.

डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थलीन. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. अशा बाळाला या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाहेरून पाहून बाळाला ही कमतरता आहे की नाही हे कळत नाही. म्हणून बाळाच्या कपाटात त्या नकोतच.

१५. जुनी गोधडी फाटली आहे, आतले थर दिसतात. टाकून द्यावी?

बिलकूल नाही. लहान भोक असेल तर त्याच्यापेक्षा दोन बोटं मोठं ठिगळ कडा दुमडून बसवा आणि वरून जुन्याच ओळींवर धावदोरा घाला. सगळीकडेच विरली असेल तर ती नव्या गोधडीच्या आत घाला. वर आणि खाली एक-एक साडी लावून पुन्हा शिवा. आतले थर आयतेच जोडलेले असतात, त्यामुळे मांडणीचं निम्मं काम वाचतं. कित्येक घरांत एका गोधडीच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात तिसरी निघते. फक्त आधी धुऊन, उन्हात घालून घ्या आणि कुबट वास जात नसेल तर तो भाग कापून काढा.

१६. रेशमी साड्या, खण, पैठणी यांची गोधडी होते का?

खणाची होते आणि सुरेखही दिसते, फक्त ठिगळ म्हणून वरच्या बाजूला वापरा. जुनं रेशीम घडीच्या रेषांवर तडकतं, हातात धरून पाहा. तडकत असेल तर त्याच्या मागे मलमलचं अस्तर टाचून मगच वापरा. जर अंगाला ओरखडते आणि धुण्यात काळी पडते, म्हणून काठ बाजूला काढा. रेशीम आणि सूत एकत्र असलेली गोधडी घरी धुवू नका. आणि चांगली पैठणी कापू नका. पदर फाटला असेल तर रफू करणाऱ्याला दाखवा.

१७. उरलेल्या चिंध्यांचं काय?

दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून तीन पदरी वेणी घाला, वेणी गोल गुंडाळत टाके घातले की पायपुसणं. रुंद पट्टी पिळून गोल बांधली की चुंबळ. डोक्यावर हंडा नसला तरी गोल बुडाचा माठ किंवा कढई टेकवायला ती लागतेच. चार थरांचा वीतभर चौकोन म्हणजे गरम भांडं उचलायचं फडकं, पण ते निव्वळ सुती हवं. त्याहून लहान तुकडे उशीत भरा. अगदी शेवटी पोतेरं.

१८. आई गेली. तिच्या साड्या कापवत नाहीत, पण तिची गोधडी हवी आहे. घरात कुणी म्हणतं, गेलेल्या माणसाचं पांघरू नये.

रीत घराघरांत वेगळी आहे. घरातल्या मोठ्यांशी बोला आणि कुणाच्या मनात खंत असेल तर थोडं थांबा, साड्या कुठे जात नाहीत. माझ्या मते आईच्या साडीची गोधडी पांघरण्यात काहीच वावगं नाही. आपल्याकडे गोधड्या पिढ्यान् पिढ्या अशाच होत आल्या.

न कापता करायची असेल तर एक सोपी रीत आहे. सहावारी साडीची लांबी २१६ इंच. तिची चौपदरी घडी घाला: ५४ बाय ४५ इंचांचे चार थर आपोआप होतात. पदर वर येईल अशी घडी ठेवा, कडा टाचा आणि सगळीकडे धावदोरा घाला. मांडीवर किंवा पायांवर घ्यायला पुरेशी गोधडी होते आणि साडी अखंड राहते. उद्या मन बदललं तर टाके उसवून साडी पुन्हा मिळते. भावंडं असतील तर प्रत्येकाला एकेक साडी अशी देता येते. वडिलांचे शर्ट असतील तर प्रश्न १० प्रमाणे चौकोन काढा, खिसे मध्यावर घ्या.

दुसऱ्यांकडून आलेले कपडे वापरतानाही लोक बिचकतात. तिथे प्रश्न स्वच्छतेचा आहे. कडक गरम पाण्यात धुवा, उन्हात घाला. खरजेची शंका असेल तर आठवडाभर बंद पिशवीत ठेवून मग धुवा. खरजेचा किडा अंगापासून दूर दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही.

१९. आमच्याकडे सगळ्या साड्या पॉलिस्टर आणि जॉर्जेटच्या आहेत. त्यांची गोधडी होईल का?

पांघरायची नको. त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात आणि मुख्य म्हणजे आग लागली तर वितळून कातडीला चिकटतात. म्हणून बाळाचं दुपटं, स्वयंपाकघरातलं फडकं, देवघरातलं आसन यांत त्या कुठेच नकोत.

आत एखादा थर चालतो, पण वर-खाली सुती हवं आणि ओळी अर्ध्या इंचावर हव्यात, नाहीतर तो थर आत गोळा होतो. खरा उपयोग वेगळा आहे. बाजाराच्या पिशव्या, गव्हाच्या पोत्यावरची झाकणं, फ्रीजवरचं आवरण, प्रश्न १७ मधली पायपुसणी: हे लवकर वाळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पांघरायच्या गोधडीसाठी घरातल्या जुन्या सुती चादरी, अभ्रे, लुंग्या, पंचे गोळा करा. एका डबल चादरीत साधारण ९० बाय १०० इंच कापड मिळतं, म्हणजे मधून न जोडता एका माणसाच्या गोधडीचा एक सलग थर आणि वर ३० इंचांची पट्टी. अशा चार चादरी जमल्या की साडी नसली तरी चालतं. शेजारी आणि नातेवाइकांकडेही विचारा, फक्त बोहारीण यायच्या आधी.